कटाची आमटी : एका उरलेल्या पाण्याचा इतिहास

वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी ‘जुन्या काळाबद्दल काहीतरी’ लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. मी काही इतिहास शिकलेली बाई नव्हे. राजे, लढाया आणि तहाची कलमे यांतले मला फारसे कळत नाही. परंतु मागच्या वर्धापन दिनाची एक गोष्ट मनात राहून गेली होती. ती आठवली आणि वाटले, राजवाड्याला इतिहास असतो तसा पातेल्यालाही असतोच की! तो आपण बायकांनी नाही लिहायचा तर कोणी?

गोष्ट अशी. त्या दिवशी मंडळात पुरणाचा बेत होता. पाच किलो हरभऱ्याची डाळ दोन मोठ्या पातेल्यांत शिजली. आपल्यातल्याच एका तरुण भगिनीने मोठ्या उत्साहाने ती चाळणीवर उपसली, आणि खालचे पाणी सरळ मोरीत ओतून दिले. मी लगबगीने पुढे झाले, पण तोवर पातेले रिकामे झाले होते. ती म्हणाली, “काकू, उरलेलं पाणीच तर होतं!” मी काही बोलले नाही. तिचा दोष नव्हताच. तिच्या घरी पुरण कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजते, तिथे वेळून काढायला काही उरतच नाही. त्या पाण्याला नाव आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा जे सांगायचे राहिले ते आज लिहिते.

त्या पाण्याचे नाव कट. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात, माझ्या माहेरी, त्याला येळवणी म्हणत. शिजल्या अन्नातले पाणी काढून टाकणे म्हणजे वेळणे. गुळाचे पाणी ते गुळवणी, तसे वेळलेले पाणी ते वेळवणी, आणि बोलताना त्याचे झाले येळवणी. हा ‘कट’ शब्द मात्र एकट्या मराठीचा नाही. कर्नाटकात शिजल्या डाळीच्या पाण्याला ‘कट्टु’ म्हणतात आणि त्याच्या आमटीला कट्टिन सारु किंवा होळिगे सारु. तेलुगू मुलखात पोळ्यांच्या दिवशी तशीच जी पातळ आमटी होते तिचे नाव कट्टु चारु. आपली मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, पुढे बिदरकडून कर्नाटकात जाते, तिथून तेलंगणात उतरते आणि गोदावरीला मिळते. नदीच्या वाटेने चालत गेलात तर तिन्ही मुलखांत पुरणाची पोळी आणि तिच्या शेजारी वाटीत हेच तांबूस पाणी भेटेल. भाषा बदलते, राज्ये बदलली, पण पातेल्याखालचे पातेले काही हलले नाही.

डाळीचे पाणी पिण्याची चाल फार जुनी आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या वैद्यकात डाळीच्या पातळ कढणाला ‘यूष’ म्हटले आहे. आजारी माणसाला मुगाचे कढण देतात ते त्याच परंपरेतले. त्या यूषाचेही दोन प्रकार सांगितले आहेत. नुसता शिजवलेला तो अकृत, आणि स्नेह, मीठ, मसाला घालून संस्कार केलेला तो कृत. म्हणजे आपण मोहरी-जिऱ्याची फोडणी देऊन कटाची आमटी करतो, तेव्हा अकृताचे कृत करतो, एवढेच. शास्त्राने ज्याला संस्कार म्हटले त्याला आमच्या आजीने ‘चरका’ म्हटले!

आपला हा मुलूख बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९-३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात हत्ती-घोड्यांपासून गाण्याबजावण्यापर्यंत सारे काही आहे, आणि जेवणाचे एक सबंध प्रकरण आहे. मांडे, वडे, डाळींचे पाक, सारण भरलेल्या पोळ्या, सारे त्यात येते. राजाच्या पंगतीचे वर्णन करायला राजा स्वतः बसला होता, मग पंगत उठल्यावर पातेल्यात उरलेल्याचे वर्णन कोण करणार? ते काम मुदपाकखान्यातल्या माणसांचे, आणि त्यांनी पोथ्या लिहिल्या नाहीत. आपल्या इतिहासात ही मोठीच उणीव आहे. वाढलेल्या ताटाची नोंद होते, उरलेल्याची होत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते. सोमेश्वराच्या काळी कट असलाच तर तो मिरचीचा नव्हता. तिखटपणा होता तो मिऱ्याचा, सुंठीचा, पिंपळीचा. मिरची अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याकडे आली आणि हळूहळू घाट चढली. आज काळ्या मसाल्यावाचून ज्या आमटीला आपण आमटीच म्हणणार नाही, तिचा लाल तवंग जेमतेम तीन-चारशे वर्षांचा आहे.

त्याच खंडातून त्याच पोर्तुगीजांच्या वाटेने एक मोठा पक्षीही हिंदुस्थानात आला. त्याची हकीकत सांगते, कारण ती आपल्या विषयाला येऊन मिळते. जहांगीर बादशहाच्या हुकुमाने मुकर्रबखान गोव्याहून नवलाईच्या वस्तू खरेदी करून १६१२ साली दरबारी आला. त्यांत टर्की नावाचा पक्षी होता. बादशहाने असा पक्षी पूर्वी पाहिला नव्हता. त्याच्या डोक्या-मानेचे रंग सरड्यासारखे पालटतात, असे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले, आणि चित्रकार मन्सूरकडून त्याचे चित्र काढवून घेतले. मन्सूरचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे.

हाच पक्षी अमेरिकेत सणाचे पक्वान्न आहे. तिथे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण असतो. यादवी युद्धाच्या धामधुमीत, १८६३ साली, अध्यक्ष लिंकन यांनी तो देशभर पाळण्याची घोषणा केली, आणि चौथा गुरुवार हा नेम १९४१ च्या कायद्याने ठरला. माझी एक भाची तिकडे असते. ती सांगत होती, सणाला आठ-दहा किलोचा अख्खा पक्षी भाजतात, तो एका दिवसात संपत नाही. दुसऱ्या दिवशी तिची शेजारीण उरलेला सांगाडा मोठ्या पातेल्यात घालते, त्यात कांदा, गाजर, सेलरीचे दांडे आणि तेजपान घालते, बुडेल इतके पाणी ओतते आणि मंद आचेवर तीन-चार तास ठेवून देते. खळखळ उकळू देत नाही, नाहीतर पाणी गढूळ होते. मग गाळून वरचा स्निग्धांश काढते, त्यात मांसाचे उरलेले तुकडे आणि मूठभर तांदूळ किंवा शेवया घालून सूप करते. माझी भाची शाकाहारी. तिने ते खाल्ले नाही. पण त्याच सुमारास तिच्या घरी पुरण झाले होते, तेव्हा तिने शेजारणीला कटाची आमटी नेऊन दिली आणि ती कशी केली ते सांगितले. शेजारीण हसून म्हणाली, “अगं, हे तर माझंच सूप!” तिचे म्हणणे खरे आहे. सणाचा मुख्य पदार्थ कोणताही असो, त्याचा कस ज्या पाण्यात उतरला ते पाणी टाकायचे नाही, हे शहाणपण दोन्हीकडच्या बायकांना कोणी न शिकवता आले आहे.

आता आपल्याकडचे सांगते. आमच्या माहेरी पुरण शिजायचे ते पोळ्याला, महालक्ष्म्यांना, होळीला आणि आखाजीला. आदल्या दिवशीच आई घागर घेऊन गावाबाहेरच्या एका ठराविक विहिरीवर जाई, कारण घराजवळच्या आडाचे पाणी जड. त्यात डाळ दाठरते, कितीही लाकडे जाळा, शिजत नाही. पाण्यात चुन्याचे क्षार फार असले की डाळीची साल-गर घट्ट होतात, हे कारण मला पुष्कळ पुढे कळले. आईला कारण ठाऊक नव्हते, विहीर ठाऊक होती.

पोळ्याच्या दिवशी पहिला नैवेद्य बैलांना. मग देव, मग पुरुषांची पंगत, मग मुले, मग गडीमाणसे. सगळ्यांत शेवटी चुलीपुढच्या बायका. तोवर दुरडीत एखाद-दुसरी पोळी उरलेली असे, तीही मोडकी. मग आई, काकू आणि आजी ज्वारीची भाकरी कटात कुस्करून खात. मला लहानपणी वाटे, मोठ्या बायकांना पोळी आवडतच नाही. सासरी गोदाकाठी आले आणि पहिल्याच होळीला माझी पाळी आली, तेव्हा समजले. सासूबाई म्हणाल्या होत्या, “पोळी पाहुण्याची, कट घरधनिणीचा.” त्या ते अभिमानाने म्हणाल्या की दुःखाने, हे मला आजही उलगडलेले नाही. डाळीतली क्षार आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे पुष्कळशी त्या पाण्यात उतरलेली असतात, असे आहारशास्त्र सांगते. म्हणजे नकळत का होईना, बायकांच्या वाट्याला काही चांगले येत होते. पण वाटा शेवटचा होता, हेही विसरू नये.

आणि शेवटच्याच्याही मागे कोणी होते. हे लिहू की नको, असा मी दोन दिवस विचार केला. पण इतिहास लिहायचा तर सोयीचा तेवढाच लिहून चालणार नाही.

सणाच्या संध्याकाळी गावकुसाबाहेरच्या बायका अंगणाबाहेर येऊन उभ्या राहत. आजी उरलेल्या पोळीचे तुकडे त्यांच्या पदरात टाकी आणि कट त्यांच्या भांड्यात वरून ओती, भांड्याला भांडे लागू न देता. कुणाला यात काही वावगे वाटत नसे. ते म्हणे त्यांचे हक्काचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या लोकांना निक्षून सांगितले होते की, मेलेल्या जनावराचे मांस आणि दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे आजपासून सोडा. तेव्हा आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले, तरी अंगणातले ओतणे चालूच होते. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली.

पुढचा पोळा १९५७ चा. मी तेव्हा दहा वर्षांची. संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली, पण अंगणाबाहेर कोणी आले नाही. कटाचे पातेले चुलीजवळ तसेच. आजीने मला पाठवले, “जा गं, नेहमी येते तिला बोलावून आण.” मी गेले. ती बाई तिच्या दारात बसली होती. घर सारवलेले, चुलीवर काहीतरी रटरटत होते. मी निरोप सांगितला. ती रागावली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवायला तिने हात उचलला आणि अर्ध्यावरच थांबवला. म्हणाली, “आजीला सांग माय, आज आमच्या घरी बी पुरण शिजलंय.”

मी येऊन सांगितले. मला वाटले, आजी संतापणार. ती बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. मग आम्हा मुलांच्या वाट्यांत तो कट वाढता वाढता म्हणाली, “तिच्या कटात कोणता मसाला असेल गं?” इतकी वर्षे तिने वरून ओतले होते, पण त्या घरच्या चुलीवरची चव तिला ठाऊक नव्हती. पुढेही ती कधी ठाऊक झाली नाही. आजी ती चव न घेताच गेली.

म्हणून माझे सांगणे असे आहे की, उरलेले आणि उष्टे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या पातेल्यात उरले ते आपण आपल्या हाताने रांधून आपल्या ताटात घेतले, तर ते शहाणपण. तेच दुसऱ्याच्या पदरात वरून टाकले, तर ते पाप. पाणी तेच असते.

या पाण्याने आम्हाला एकदा चांगलेच तारले. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आधीच्या दोन वर्षांत पाऊस ओढ देत होता, आणि त्या वर्षी तर त्याने पाठच फिरवली. विहिरी आटल्या, जनावरे विकली. ज्या घरच्या सुना उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, त्याही खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर माती वाहायला गेल्या. मीही गेले. कामावर मुलांना सुकडी मिळे, रेशनवर मिलो मिळे. ही परदेशची तांबडी ज्वारी, तिची भाकरी थापताना चिरत असे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्याच्या मागे त्या खडीच्या ढिगांवर बसलेल्या बायांचा घाम आहे, हे विसरू नये.

त्या वर्षीच्या पोळ्याला घरात हरभऱ्याची डाळ मूठभर होती. सासूबाईंनी ती हंडाभर पाण्यात शिजवली. पुरण झाले ते बैलाच्या नैवेद्यापुरते. बैल एकच उरला होता. बाकी सारा कटच कट! त्यात त्यांनी येसर घातला आणि आम्ही अकरा माणसे मिलोच्या भाकरीशी जेवलो. येसर आता अनेक घरांत होत नाही, म्हणून सांगते. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, धने, जिरे, लवंग, मिरे, दालचिनी, दगडफूल असा मसाला भाजून त्यात घालायचा आणि सगळे बारीक दळायचे. लग्नघरात येसराची आमटी आपल्या मराठवाड्यात ठरलेलीच. पाण्यासारख्या पातळ आमटीला येसराने अंग येते आणि तिचे पोटात अन्न होते.

त्या दिवशी प्रथमच आमच्या घरी पंगती पडल्या नाहीत. पोळीच नव्हती, मग आधी कोण आणि नंतर कोण? पुरुष, बायका, मुले सारी एकदम बसली आणि सगळ्यांच्या ताटांत एकच कट होता. जेवताना सासूबाई एकदम हसल्या. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून पोळ्याला गरम जेवले नव्हते.”

आज दिवस पालटले आहेत. पोळ्या पुरून उरतात. तरीही आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. त्यांची होळी कारखान्याच्या मुलखात, कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर होते. तिथल्या बाईला डाळीचे पाणी मोरीत ओतणे परवडत नाही. कटाची आमटी कशी करावी हे पुस्तकात वाचण्याची तिला गरज नाही. गरज आपल्याला आहे, म्हणून कृती देऊन हा लेख पुरा करते.

पाव किलो हरभऱ्याची डाळ धुऊन सहा-सात वाट्या पाण्यात शिजत घालावी. चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालावे, मीठ घालू नये. डाळ बोटाने दाबली की मोडावी, पण विरघळू नये. मग चाळणीखाली पातेले ठेवून ती वेळावी. हे पातेले ठेवण्याचे तेवढे विसरू नका! निघालेल्या कटात शिजलेली डाळ मूठभर घोटून मिसळावी. अर्धी वाटी सुके खोबरे आणि चमचाभर जिरे भाजून वाटून घ्यावे. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात हे वाटण व दोन चमचे काळा मसाला परतावा. तेल सुटले की कट ओतावा. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, चवीला मीठ, आणि असल्यास दोन चमचे येसर पाण्यात कालवून घालावा. दहा-बारा मिनिटे उकळू द्यावे. आमटी पातळच हवी. दुसऱ्या दिवशी ती अधिक मुरते आणि शिळ्या भाकरीशी तिची खरी गंमत कळते.

यंदाच्या वर्धापन दिनी पुन्हा पुरणाचा बेत आहे असे ऐकते. डाळ वेळायला मी येईन. गेल्या वेळच्या त्या भगिनीने माझ्या शेजारी उभे राहावे. आणि आमटी झाली की प्रत्येकीने आपल्या घरचा मसाला चिमूटभर आणावा, वाटीत घालून पाहावा, एकमेकींना चाखवावा. कोणाच्या कटात कोणता मसाला असतो, हे विचारायला माझ्या आजीला फार उशीर झाला होता. आपल्याला तो होऊ नये.